सुमनबाईचा गडवा

मी गडवा. पितळेचा. तिकडे पुण्या-नाशकाला मला तांब्या म्हणतात. आमच्या भंडारा जिल्ह्यात मी गडवाच. पाणी भरून ठेवायचं आणि तहानलेल्याला द्यायचं, एवढंच माझं काम. पण पाण्याखेरीज आणखी एक गोष्ट माझ्या पोटात बरीच वर्षं साचून राहिली आहे. ती आज तुमच्यापुढे ओततो.

भंडाऱ्यात एका कासाराच्या कारखान्यात माझा जन्म झाला. कारखाना कसला, एक भट्टी, एक ऐरण आणि धुरानं काळ्या पडलेल्या भिंती. कासारानं पितळेचा पत्रा ठोकून ठोकून माझं पोट काढलं, गळा आवळला, काठ वळवला. मी दुकानाच्या फळीवर फार दिवस राहिलो नाही. एक बाई लेकीच्या लग्नासाठी आंदणाची भांडी घ्यायला आली. तिनं मला उचललं, बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "हा द्या."

लेकीचं नाव सुमन. तिच्याबरोबर मी तिच्या सासरी आलो. सानगडीच्या पलीकडे, जंगलाला खेटून ते गाव आहे. तिच्या नवऱ्याचं नाव धनीराम. थोडी धानाची शेती, बाकी मजुरी. धनीराम माणूस वाईट नव्हता. बोलायचा कमी, आणि एकदा मनात काही बसलं की ते काढायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं.

सुमनबाई मला सगळीकडे न्यायची. धानाच्या रोवणीला चिखलात उतरली की बांधावर मला ठेवायची, वर पळसाचं पान झाकायची. पाणी पिताना काठाला ओठ लावायची नाही, वरून धार सोडायची. तिची लेक हर्षा मात्र मला दोन्ही हातांनी धरून तोंडच घालायची. एकदा हर्षानं मला विहिरीच्या काठावरून पाडलं. गळ्यापाशी चीर गेली. कल्हईवाल्यानं तिथं तांब्याचा तुकडा बसवून डाग दिला. पिवळ्या अंगावर तो तांबडा डाग उठून दिसायचा. सुमनबाई हसून म्हणाली होती, "आता चोरानं नेला तरी ओळखू येते."

हर्षा सातवीत होती तेव्हाची गोष्ट. मोहफुलांचे दिवस होते. आदल्या संध्याकाळी घरात वाद झाला. सुमनबाईला हर्षाला पुढच्या शिक्षणासाठी भंडाऱ्याच्या वसतिगृहात ठेवायचं होतं. धनीराम नाही म्हणत होता.

"पोरीच्या जातीले एवढ्या दूर ठेवून करशील काय?" तो म्हणाला.

"शिकवीन. तुमी हो म्हणा की नाही म्हणा. मी नसली तरी पोरगी शिकंल, पाहून घेजा."

रागाच्या भरात बोललेलं वाक्य. दोघंही जेवले आणि पाठ फिरवून झोपले.

पहाटे सुमनबाई टोपली आणि मला घेऊन निघाली. आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटून घेतलेली असतात. तिच्या वाट्याचं झाड सगळ्यांत लांब होतं. बाकीच्या बाया आपापल्या झाडांखाली मागे राहिल्या. ती एकटीच पुढे गेली. खाली फुलांचा सडा पडला होता. टोपली अर्धी भरली असेल नसेल, झुडपातून अस्वल आलं. मोहाच्या वासावर अस्वल येतं, हे तिथल्या लेकरालाही माहीत असतं. ती ओरडली नाही. पाणी प्यायला तिनं मला नुकतंच उचललं होतं, तशीच मला घेऊन पळाली. झाडाकडून उलट्या दिशेला, नाल्याकडे. मागे वळून पाहत पळताना नाल्याची दरड तिला दिसली नाही.

आम्ही दोघं खाली पडलो. मला काही झालं नाही. तिचा मांडीपासून पाय मोडला.

अस्वल काठावर आलं, हुंगलं आणि निघून गेलं. सुमनबाईनं उठायचा प्रयत्न केला आणि ती बेशुद्ध पडली. शुद्धीवर आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मी वाळूत कलंडलो होतो, तरी पोटात थोडं पाणी शिल्लक होतं. तिनं ते घोट घोट करून पुरवलं. त्या वेळी पहिल्यांदा तिनं माझ्या काठाला ओठ लावले.

संध्याकाळी लांबून हाका आल्या. "सुमन... ए सुमन..." धनीरामचाच आवाज. तीही ओरडली. पण तिचा घसा सुकला होता, आणि नाला खोल. मग तिनं मला गळ्याला धरून दगडावर आपटायला सुरुवात केली. मी वाजलो. जीव तोडून वाजलो. माझ्या एका अंगाला पोचे पडले. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे वाहत होता. आमचा आवाज त्यांच्याकडे गेलाच नाही. हाका कमी होत गेल्या आणि थांबल्या.

"उद्या येतीन ना ते," ती मला म्हणाली. मलाच म्हणाली असेल. दुसरं कोणी नव्हतं. "उद्या उजेडात येतीन."

दुसऱ्या दिवशी हाका आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. ती मधूनमधून मला वाजवत राहिली. मग हातातून मी सुटलो आणि तिनं मला परत उचललं नाही.

हाका का थांबल्या, ते मला फार वर्षांनी कळलं. लोकांना झाडाखाली अर्धी भरलेली टोपली सापडली होती. अस्वलाच्या खुणा कठीण जमिनीवर दिसल्या नाहीत. त्याच रात्री गावात कोणीतरी म्हणालं, सायकलवर साड्या विकायला येणारा तो फेरीवाला चार दिवसांपासून दिसत नाही. दुसरा म्हणाला, त्याला सानगडीच्या बसथांब्यावर एका बाईबरोबर पाहिलं. बाई कोण होती, ते कोणी नीट पाहिलं नव्हतं. पण सकाळपर्यंत ती बाई सुमन झाली होती. धनीरामला आदल्या रात्रीचं वाक्य आठवलं. मी नसली तरी. त्यानं काठी कोपऱ्यात ठेवली आणि शोधायला जायचं सोडलं. पोलिसांतही गेला नाही. बायको पळाली, हे कोणत्या तोंडानं लिहून द्यायचं?

पुढच्या वर्षांबद्दल मी फारसं बोलणार नाही. माणसाचं शरीर उघड्यावर पडलं की त्याचं काय होतं, ते मी पाहिलं आहे. पावसाळ्यात नाल्याला पाणी यायचं आणि वाळू चढायची. लहान हाडं वाहून गेली, काही जनावरांनी नेली. कवटी, मांड्यांची हाडं, फासळ्या आणि काही बांगड्यांचे तुकडे राहिले. वर घाणेरीचं रान माजलं. मी हिरवा पडलो. मला उचलायला कोणी येईल, ही आशा मी कधी सोडली ते सांगता येत नाही.

तीन उन्हाळ्यांपूर्वी घाणेरीत कुऱ्हाडीचा घाव पडला. फांद्या बाजूला झाल्या आणि एका माणसाचा चेहरा दिसला. तो टिकाराम. जंगलाच्या दुसऱ्या अंगाच्या गावचा. घराला एक खोली वाढवायची म्हणून सागाच्या बल्ल्या तोडायला चोरून आला होता. राखीव जंगलात साग तोडणं म्हणजे गुन्हा. म्हणून वाट सोडून तो नाल्यानं चालला होता.

आधी त्याला मी दिसलो. त्यानं हात घातला, आणि हाताला कवटी लागली.

टिकाराम मागच्या मागे बसला. कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. मग त्यानं इकडे तिकडे पाहिलं, बांगडीचा तुकडा उचलून पुन्हा जागेवर ठेवला, हात जोडले. कवटीवर पानं आणि फांद्या ओढल्या. कुऱ्हाड घेऊन झपाझप चालू लागला. जीव भांड्यात पडला, असं माणसं म्हणतात. मी तर भांडंच, पण मलाही तसंच झालं; वाटलं, हा आता जाऊन सांगेल.

थोड्या वेळानं तो परत आला. मला उचललं, खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळलं आणि घरी नेलं. ती तिथंच राहिली.

"हा कुठून आणला?" त्याच्या बायकोनं, करुणानं विचारलं.

"सानगडीच्या बाजारात एक भंगारवाला बसला होता. दिला त्यानं."

करुणानं मला चिंच आणि राखेनं घासलं. घासून घासून तिचे हात दुखले, पण मी पुन्हा पिवळा झालो, डाग पुन्हा तांबडा. पोचे मात्र गेले नाहीत. तिनं मला पाण्याच्या माठाशेजारी ठेवलं. पाहुणा आला की माझ्यातून पाणी द्यायची. टिकाराम कधीच माझ्यातून प्यायचा नाही. बाहेरून तापून आला तरी स्टीलचा गिलास शोधायचा.

माणसाच्या मनाचं मला नवल वाटतं. तो मला फेकूनही देत नव्हता आणि माझ्याकडे बघतही नव्हता. एकदा करुणा घरात नसताना तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी काही केलं नाही बाप्पा. मले फक्त दिसलं." मग उठून कामाला गेला.

गेल्या वर्षी करुणाला दिवस गेले. तिचं वजन, रक्तदाब बघायला उपकेंद्रातली नर्स घरी यायला लागली. आधीची नर्स बदलून गेली होती, ही नवीन. उन्हातून स्कूटीवरून आलेली. करुणानं माझ्यात पाणी भरून तिच्यापुढे धरलं.

तिनं मला दोन्ही हातांनी धरलं. बोटं माझ्या गळ्यापाशी गेली आणि थांबली. मी तिला त्या बोटांवरून ओळखलं. आकारानं ती मोठी झाली होती, धरायची रीत तीच.

हर्षा प्यायली नाही. तिनं मला फिरवून पाहिलं, डागावरून अंगठा फिरवला. तिचा आवाज बदलला.

"करुणाताई, हा गडवा कोणाचा?"

"आमचाच आहे सिस्टर. आमच्या ह्यांनी सानगडीच्या बाजारात भंगारवाल्याकडून आणला, दोन वर्षं झाली. काहून?"

"हा माह्या मायचा आहे."

करुणा हसली. तिला वाटलं, सारखा दिसत असेल. पण हर्षा सांगायला लागली तशी तिचं हसू गेलं. विहीर, कल्हईवाला, तांब्याचा डाग, सारं हर्षानं सांगितलं. मग माय मोहावर गेली आणि आलीच नाही, ते सांगितलं. लोक काय म्हणतात, तेही सांगितलं; खाली मान घालून, सवयीनं, दुसऱ्याच कोणाची गोष्ट असल्यासारखं.

मग तिनं मान वर केली. तिचा चेहरा मला आजही दिसतो.

"दोन वर्षांमागं विकला म्हणजे माय आहे," ती म्हणाली. "आहे कुठंतरी. अडचणीत असंल म्हणून विकला. नाहीतर मायनं हा विकला नसता."

मला तेव्हा फुटून जावंसं वाटलं.

टिकाराम शेतावरून आला तेव्हा हर्षा अजून बसलेली होती. तिनं त्याला हात जोडले. "दादा, तो भंगारवाला कसा होता? कुठला होता? तेवढं सांगा."

टिकारामनं माझ्याकडे पाहिलं नाही. घाम पुसत म्हणाला, "आता काय आठवते सिस्टर? म्हातारा होता. वरठीकडचा आहे म्हणे."

वरठी त्याला का सुचली, देव जाणे. लांब आहे म्हणून असेल. पण हर्षाला ते गाव पुरलं. सुट्टी काढून ती वरठीला गेली. स्टेशनाबाहेर, कारखान्याच्या रस्त्यावर, जिथं जिथं भंगाराची दुकानं होती तिथं तिथं मायचा लग्नातला फोटो दाखवत फिरली. पुढच्या तपासणीला आली तेव्हा तिनंच करुणाला सांगितलं.

"एक जण म्हणाला, अशी बाई कारध्याकडे मच्छीच्या बाजारात बसते. गेली होती मी. नव्हती. पुढच्या रविवारी अजून जाईन."

"बाबांले सांगितलं?" करुणानं विचारलं.

"नाही. बाबांसमोर मायचं नावच काढत नाही कोणी. सापडली की एकदमच नेऊन उभी करीन."

ती गेली. करुणा दारात उभी राहून स्कूटी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. त्या दुपारी टिकाराम जेवायला आला. तिनं ताट वाढलं आणि स्टीलचा गिलास न ठेवता मला भरून त्याच्यासमोर ठेवलं.

"गिलास दे," तो म्हणाला.

"यातून प्या."

"गिलास दे म्हटलं ना."

"दोन वर्षं झाली, तुमी या गडव्याले तोंड लावलं नाही. मी पाहून राहिली. कुठून आणला? खरं सांगा. माह्या पोटातल्या लेकराची शप्पथ आहे."

टिकारामनं हातातला घास ताटात ठेवला. तो सांगायला लागला तेव्हा एकदम सगळं बाहेर आलं. साग, नाला, घाणेरी, कवटी, बांगडी. करुणानं मधेच पदर तोंडाला लावला. या गडव्यातून तिनं किती जणांना पाणी दिलं होतं.

"आणि तुमी तिले वरठीले पाठवलं," ती म्हणाली.

"मग काय करू? पोलिसांत जाऊ? ते म्हणतीन, गडवा तुह्या घरी, म्हणजे तूच मारलं. जंगलवाले सागाचा गुन्हा लावतीन तो वेगळाच. तू अशी दोन जिवांची. तुह्याकडे पाहीन कोण?"

"खरं आहे तुमचं. अडकवतीन. होऊ शकते." करुणाचा आवाज चढला नाही. "पण ते पोरगी येणाऱ्या रविवारी अजून जाणार आहे. त्याच्या पुढच्या रविवारी अजून. तिची माय नाल्यात पडली आहे आणि ते मच्छीबाजारात शोधून राहिली. मी तिच्यासमोर हात कसा पुढं करू इंजेक्शनले?"

ताटावर माश्या बसल्या. मग टिकाराम उठला. हात धुतले, मला दुपट्ट्यात गुंडाळलं. पोलीस पाटील सेवकराम गावातच राहायचे. त्यांच्या ओसरीवर मला ठेवून तो म्हणाला, "पाटील, मले एक जागा दाखवायची आहे."

सेवकरामांनी ठाण्यात फोन लावला. ऊन उतरायच्या आत जीप आली. टिकाराम पुढे, मागे ठाण्याचे जमादार, दोन शिपाई, जंगलाचा गार्ड, पंच म्हणून गावातली दोन माणसं. मला पुरावा म्हणून जमादारांनी हातात धरलं होतं. असा मी त्या नाल्यात परत आलो. फांद्या काढल्या, वाळू हातांनी बाजूला केली. टिकारामनं ठेवलेला बांगडीचा तुकडा तसाच होता. एकेक हाड पांढऱ्या कापडावर ठेवलं जात होतं आणि पंच दुसरीकडे बघत होते.

हर्षाला सेवकरामांनी बोलावून घेतलं होतं. तिला दरडीवरच थांबायला सांगितलं. ती थांबली नाही. उतरून खाली आली आणि कापडाजवळ बसली. नर्स असल्यामुळे तिला हाडं कळत होती. मांडीच्या हाडावर तिची नजर गेली. ते मधे मोडलेलं होतं आणि दोन तुकडे वेगवेगळे पडले होते. तिनं कवटीकडे पाहिलं. कवटी अखंड होती.

"साहेब, गडवा दाखवा," ती म्हणाली.

जमादारांनी मला तिच्याजवळ दिलं. तिनं आधी डाग पाहिला. मग पोचे. सगळे एकाच अंगाला, एकावर एक. तिनं मला गळ्याला धरलं, अगदी तिच्या मायनं धरलं होतं तसं, आणि शेजारच्या दगडाकडे पाहिलं. दगडावर आता काही खूण नव्हती. पण हर्षाला कळलं. तिनं वर दरडीकडे पाहिलं, गावाच्या दिशेला पाहिलं. जमादारही माझ्याकडे बघत होते. त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

टिकाराम लांब उभा होता. हर्षा उठून त्याच्यासमोर गेली. त्याला वाटलं, मारेल. त्यानं तोंड चुकवलं नाही.

"दोन वर्षं," ती म्हणाली. तेवढंच. मग म्हणाली, "आज तरी सांगितलं."

टिकारामला वाटली होती ती भीती खरी ठरली. त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले. मी कापडात शिवलेला, लाखेचा ठप्पा लावलेला, मुद्देमालाच्या खोलीत फळीवर पडून होतो. भिंतीपलीकडचे आवाज ऐकू येत होते. चापटीचा आवाजही ऐकू आला. जंगलवाल्यांनी सागाचा गुन्हा नोंदवला, त्याची तारीख अजून चालू आहे. करुणाचं बाळंतपण झालं तेव्हा टिकाराम घरी नव्हता, ठाण्यात बोलावलेला होता. बाळंतपण हर्षानंच केलं. मुलगी झाली. त्या दोघी एकमेकींशी काय बोलल्या, ते मला माहीत नाही.

हाडं नागपूरला गेली. हर्षाचं रक्त घेतलं. बरेच महिने गेले, मग अहवाल आला. हाडं सुमनबाईची. मांडी मोडलेली, दुसरा कोणता घाव नाही. अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद झाले. हाडं एका गाठोड्यात घरी आली, आणि त्याच दिवशी सही घेऊन मलाही हर्षाच्या ताब्यात दिलं.

अंत्यविधीला सगळं गाव आलं. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. एवढंसं गाठोडं आणि एवढी माणसं. सुमनला बसथांब्यावर पाहणारेही त्यात होते. आता ते म्हणत होते, आम्ही तर तेव्हाच म्हटलं होतं, ती तशी बाई नव्हती. हर्षा त्यांच्याकडे बघत राहिली. त्या फेरीवाल्याचं काय झालं, ते कोणाला माहीत नाही. त्यानं कदाचित गाव बदललं असेल, एवढंच.

धनीराम त्या दिवशी चालत स्मशानापर्यंत आला. आता तो पार थकला आहे. बायको गेल्यावर त्यानं तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. तिची लुगडी जाळली होती. पण हर्षाला त्यानं भंडाऱ्याला ठेवलं. शिकवलं. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही, आणि हर्षानंही विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात जमादार आले होते. या बाजूला आलो होतो म्हणून थांबलो, म्हणाले. हर्षानं माझ्यातून पाणी दिलं. धनीराम खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला वाटलं, झोपला आहे. पण तो उठून बसला.

"साहेब," तो म्हणाला, "एक विचारतो. ते पडली... तर लगेच गेली का? का होती काही वेळ?"

जमादारांनी हर्षाकडे पाहिलं. हर्षा चुलीजवळ उभी होती.

"लगेचच गेली काका," जमादार म्हणाले. "डोक्याले मार लागला. तिले समजलंबी नसंल."

"मी एक संध्याकाळ हाका मारल्या होत्या," धनीराम म्हणाला. "मग नाही मारल्या."

"मारल्या असत्या तरी काही झालं नसतं बाबा," हर्षा म्हणाली. "माय तेव्हा नव्हतीच. मी रिपोर्ट वाचला ना."

धनीरामनं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली.

"बरं झालं," तो म्हणाला. "बरं झालं बाप्पा."

त्यानं हात पुढे केला. हर्षानं मला त्याच्या हातात दिलं. तो प्यायला, थोडं पाणी हनुवटीवरून छातीवर सांडलं. मग पहिल्यांदा तो रडला.

आता मी याच घरी आहे. हर्षा मला घासते, भरते, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देते. तुम्हीही कधी सानगडीवरून जंगलाच्या बाजूला आलात तर या. रानात, नाल्यात तुम्हाला माणसाचं हाड दिसलं, तर पानं ओढून निघून जाऊ नका. कोणाची तरी लेक कुठल्या तरी बाजारात फोटो घेऊन फिरत असेल. जाऊन सांगा.

पण आज मी तुम्हाला जे सांगितलं, त्या नाल्यातल्या दिवसांचं, ते हर्षाला माहीत आहे, जमादारांना माहीत आहे, मला माहीत आहे आणि आता तुम्हाला. घरी आलात तर ओसरीवर एक म्हातारा बसलेला असेल. तो तुम्हाला पाणी विचारेल, गावाची विचारपूस करेल. त्याच्या हातचं पाणी प्या, आणि त्याला यातलं काही सांगू नका.